ग्राफ आमच्या हातात द्या : युरोडायनॅमिक चाचणी वाचणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
युरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचे पदाधिकारी,
आणि महाराष्ट्रात युरोडायनॅमिक चाचणीचे रिपोर्ट लिहिणारे सर्व डॉक्टर

स. न. वि. वि.

मी साखर कारखान्यातून निवृत्त झालेला इन्स्ट्रुमेंट फोरमन. वय ६७, त्यातली १८ वर्षं मधुमेहासोबत. कोल्हापूर जिल्ह्यात ३१ गाळप हंगाम दाब, पातळी आणि प्रवाह मोजणारी यंत्रं सांभाळली. वैद्यकातलं मला शाळेत शिकवलं तेवढंच येतं. पण गेल्या वर्षी माझ्याच मूत्राशयाचा दाब आणि माझ्याच लघवीचा प्रवाह मोजायची, म्हणजे युरोडायनॅमिक चाचणीची, वेळ आली, तेव्हा त्या खोलीत मला अनोळखी असं फारसं काही दिसलं नाही. तोच दाबाचा विद्युत संकेत करणारा ट्रान्सड्यूसर, त्याच पाण्याने भरलेल्या नळ्या, तोच सरकता ग्राफ. फरक इतकाच की या वेळी टाकी मी होतो.

तक्रार नेहमीचीच. रात्री चारदा उठायचं, भिंतीला हात टेकून वाट बघायची, धार बारीक, मध्येच थांबणारी, आणि नाडी बांधली की पुन्हा थोडी. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली, लघवी झाल्यावर मागे १४० मिलिलिटर शिल्लक. टॅम्सुलोसिनची गोळी वर्षभर घेतली. पहिले दोन महिने बरं वाटलं, मग मूळपदावर. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू, पण साखर जुनी आहे तर मूत्राशयात ताकद किती उरलीय ते आधी बघून घेऊ. हे त्यांचं बरोबरच होतं. धार बारीक होते ती वाट अडल्यामुळे किंवा पंप थकल्यामुळे, आणि साध्या युरोफ्लोच्या, म्हणजे नुसता धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर दोन्ही माणसं सारखीच दिसतात. पंपच थकला असेल तर वाट कितीही मोकळी करा, पाणी बेतानेच येणार.

तर चाचणी केली. एक बारीक नळी लघवीच्या वाटेने मूत्राशयात, दुसरी गुदद्वारात. पहिली मूत्राशयातला एकूण दाब सांगते, दुसरी पोटाचा. मूत्राशयाचा स्नायू स्वतः किती जोर लावतो हे यातली कुठलीच नळी मोजत नाही. यंत्र पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करतं आणि उरेल त्याला स्नायूचा दाब म्हणतं. म्हणजे ज्या आकड्यावर ऑपरेशन ठरतं तो वजाबाकीचा आकडा असतो. टेक्निशियनने हे सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी नळ्यांकडे बघत बसलो.

कारण बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी आम्ही अशाच वजाबाकीने मोजायचो. डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दोन दाबांतला फरक सांगणारं यंत्र, त्याला दोन इम्पल्स लाइनी, म्हणजे दाब आणणाऱ्या बारीक नळ्या. त्यातली एक कायम पाण्याने भरलेली ठेवायची आणि तिच्याशी तुलना करून ड्रमची पातळी काढायची. त्या भरलेल्या लाइनीतलं पाणी कुठे व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून झिरपून कमी झालं, की पॅनेलवर पातळी चढलेली दिसते आणि ड्रम मात्र रिकामा होत असतो. यंत्र बिघडलेलं नसतं, लाल दिवा लागत नाही, वजाबाकी इमानेइतबारे चालू असते. म्हणून बॉयलरला पाण्याची पातळी डोळ्यांनी दाखवणाऱ्या काचा असतात, आणि जुना फायरमन पॅनेलवर विसंबण्याआधी मान वर करून काचेकडे बघून घेतो.

त्या खोलीत मी, टेक्निशियन, एक सिस्टर, आणि दारातून सारखं कोणी ना कोणी आत-बाहेर. मूत्राशय पाण्याने भरलं, नळ्यांसकट मला उभं केलं, पुढे फनेल. "करा काका." होईना. चाळीस माणसांच्या देखत पगारपत्रकावर सही करणारा मी, पण हे होईना. सिस्टरने बेसिनचा नळ सोडला. दहाएक मिनिटांनी पोट आवळून, कण्हत-कुथत एकदाची झाली. मागची नळी सरकल्यासारखी वाटली, मी तसं बोललोही. "होतं तसं," एवढंच उत्तर आलं. पुन्हा करायचं कोणी म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मीही म्हणालो नाही.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. अडथळा आहे, मूत्राशयाची ताकद सामान्य आहे, ऑपरेशनचा सल्ला. खाली दोन आकडे: बीओओआय ४४, बीसीआय १०७. ग्राफ नाही. मागितला तर काउंटरवरून, "ग्राफ घेऊन तुम्ही काय करणार?" चार खेपा घातल्या तेव्हा दोन पानं हाती आली.

हे आकडे कसे येतात ते माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी लिहितो, डॉक्टरमंडळींनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. धार सगळ्यात जोरात असतानाचा स्नायूचा दाब घ्यायचा आणि त्यातून धारेच्या वेगाची दुप्पट वजा करायची. ४० च्या वर आलं तर अडथळा, २० च्या खाली आलं तर नाही, मधलं अनिश्चित. हा बीओओआय. १९७९ साली एब्रम्स आणि ग्रिफिथ्स यांनी आखलेल्या आलेखातून पुढे आलेलं हे गणित. दुसऱ्या आकड्यासाठी त्याच दाबात वेगाची पाचपट मिळवायची. १०० च्या खाली गेलं तर स्नायू दुबळा. माझा दाब ६२ सेंटीमीटर पाणी, वेग सेकंदाला ९ मिलिलिटर. ६२ वजा १८, ४४. ६२ अधिक ४५, १०७. हिशेबात एका पैशाची चूक नाही.

रात्री झोप येईना म्हणून पट्टी-पेन्सिल घेऊन त्या दोन पानांपुढे बसलो. लघवी सुरू होण्याआधी, उभा असताना, पोटाचा दाब ३८. धार सगळ्यात जोरात असताना तोच १८. मूत्राशयातला एकूण दाब त्या क्षणी ८०. ८० वजा १८, ६२. बरोबर. पण पोटाचा दाब २० ने उतरला कसा? मी तर कुथत होतो! मग शेवटचा खोकला शोधला. लघवी झाल्यावर खोकायला लावतात, दोन्ही नळ्या अजून नीट ऐकताहेत ना हे बघायला. मूत्राशयाच्या रेषेवर सुळका उभा आहे, गुदद्वाराच्या रेषेवर नुसतं टेंगूळ. भरायला सुरुवात करण्याआधीच्या खोकल्याला दोन्ही सुळके जुळ्या भावांसारखे होते. मधल्या वेळात मागची नळी जागची हलली होती.

पोटाचा दाब खरोखर ३८ च राहिला असेल, तर ८० वजा ३८, ४२. मग बीओओआय २४, म्हणजे अनिश्चित. बीसीआय ८७, म्हणजे स्नायू दुबळा. नळी दोन बोटं सरकली आणि 'वाट अडली, पंप चांगला' याचं 'वाटेचं माहीत नाही, पंप थकलाय' झालं. ड्रमच्या लाइनीतलं पाणी गेलं होतं आणि पॅनेलवर पातळी चढली होती.

माझंच खरं असा माझा दावा नाही. ती पानं घेऊन पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, रेक्टल लाइन (गुदद्वारातली नळी) गेलीय, हा अडथळा मी मानणार नाही, तुमचा स्नायू कमजोर आहे. मला बरं वाटलं. मग एका ओळखीच्यांनी तिसऱ्यांकडे नेलं. त्यांनी माझ्या आनंदावर पाणी ओतलं. लघवी करताना काही माणसांचा ओटीपोटाच्या तळाचा स्नायू सैल पडतो आणि गुदद्वारातला दाब खरंच उतरतो, त्यामुळे ३८ धरून चालणं हाही अंदाजच, असं ते म्हणाले. हा ग्राफ वाचायचाच नाही, पुन्हा करा. एक कागद, तीन तज्ज्ञ, तीन निष्कर्ष. पहिल्यांनी बहुधा यंत्राचे आकडे उतरवले, दुसऱ्यांनी रेषा वाचली, तिसऱ्यांनी रेषेवरही अविश्वास दाखवला. आणि एक गोष्ट मला नंतर टोचत राहिली: दुसऱ्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला तेव्हा माझ्या पेन्सिलीच्या खुणा त्यावर होत्याच. त्यांनी ग्राफ वाचला की माझ्या खुणा वाचल्या?

पुन्हा चाचणी केली, दुसऱ्या ठिकाणी. तिथल्या टेक्निशियन बाईंचं काम बघून मला आमचा जुना मिस्त्री आठवला. नळ्या अंगात घालण्याआधी हवेला उघड्या करून झीरो घेतला. ट्रान्सड्यूसर जघनास्थीच्या वरच्या कडेच्या उंचीला आणला, मी उभा राहिल्यावर पुन्हा वर घेतला. उंचीत एक सेंटीमीटर चुकलं की दाबात एक सेंटीमीटर चुकतं. दोन्ही नळ्या एकदम चुकल्या तर वजाबाकीत ते निघून जातं, पण बुडबुडा एकाच नळीत अडकला तर जात नाही, म्हणून त्या सिरिंजने पाणी ढकलत नळीला टिचक्या मारत होत्या. मागची नळी चिकटपट्टीने पक्की केली. दर मिनिटाला खोकला. लघवीच्या वेळी स्वतः बाहेर गेल्या, दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, काका, अजून एकदा भरू या.

पहिल्या वेळी दाब ५०, वेग ८. बीओओआय ३४. अर्ध्या तासाने, त्याच माणसाचा, त्याच नळ्यांनी, दाब ४४, वेग ९. बीओओआय २६. बीसीआय ९० आणि ८९. नळ्या दोन्ही वेळा शेवटच्या खोकल्यापर्यंत शाबूत. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं की अडथळा आहे किंवा नाही हे या चाचणीवरून ठामपणे सांगता येत नाही, स्नायूची ताकद थोडी कमी आहे. इतक्या वर्षांच्या दवाखान्याच्या फायलीतलं हे मला सगळ्यात विश्वासाचं वाक्य वाटलं. ऑपरेशन सध्या लांबवलं. साखर आटोक्यात ठेवायची, दर तीन महिन्यांनी शिल्लक लघवी मोजायची. उद्या करावं लागलं तर करीन, पण कशाची खात्री नाही हे माहीत असताना करीन.

आता मुद्द्याचं. नियम नाहीत असं नाही. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये चांगली युरोडायनॅमिक चाचणी कशी करावी ते छापलं, २०१६ च्या आवृत्तीत सुधारून पुन्हा मांडलं. झीरो हवेचा घ्या, आधी आणि नंतर खोकून तपासा, यंत्राने निवडलेला सर्वोच्च वेग जसाच्या तसा उचलू नका, डोळ्यांनी बघून दुरुस्त करा, हे सगळं त्यात आहे. शेवटचं किती गरजेचं आहे ते मी पहिल्या वर्षीच बघितलं होतं. साध्या युरोफ्लोला माझा पाय फनेलच्या स्टँडला लागला आणि यंत्राने सर्वोच्च वेग १७ छापला. कागदावर एकच सुई वर गेलेली, बाकी धार ८ च्या वर कुठेही नाही. तरीही 'धार चांगली आहे' असा शेरा मारून मला घरी पाठवलं होतं. दोन सेकंदांची सरासरी घेऊन रेषा सपाट करा एवढं साधं काम, तेही झालं नव्हतं.

भरतानाच्या भागाचंही तेच. मूत्राशय भरत असताना स्नायू आपोआप आकसतो का, म्हणजे घाईची लघवी कुठून येते, हे तिथे बघतात. गुदद्वार स्वतः आकसलं की वजाबाकीत स्नायूच्या रेषेला खड्डा पडतो, ते सुटलं की रेषा वर येते, आणि ती वर येणारी रेषा कोणाला आकसणं वाटू शकते. चारही रेषा (मूत्राशयाचा दाब, पोटाचा दाब, वजाबाकीचा दाब आणि धारेचा वेग) एकाखाली एक ठेवून बघणाऱ्यालाच फरक कळतो. रिपोर्टात मात्र 'अतिक्रियाशील मूत्राशय : होय' एवढंच उतरतं.

माझा जावई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. त्याला म्हटलं, दोन डॉक्टरांचं शंभरात पंचाहत्तर ग्राफांवर एकमत झालं तर ते चांगलं का? तो म्हणाला, थांबा. समजा दोघेही दहापैकी सात जणांना 'अडथळा' म्हणतात. मग डोळे मिटून, ग्राफ न बघता उत्तर दिलं तरी शंभरात ५८ वेळा त्यांचं जुळेल. सात-दशांश गुणिले सात-दशांश ४९, तीन-दशांश गुणिले तीन-दशांश ९. योगायोगाचे हे ५८ वगळले की शंभरात ४२ उरतात, आणि त्यातले फक्त १७ (७५ वजा ५८) त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कमावले. ४२ पैकी १७, म्हणजे साधारण ०.४. कारखान्यात ०.४ विश्वासार्हतेच्या गेजला आम्ही लाल पट्टी लावून कपाटात ठेवलं असतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, ही चाचणी सगळ्यांची करायचीच कशाला? बरोबर आहे. इंग्लंडमधल्या २६ रुग्णालयांत ८२० पुरुषांना घेऊन अपस्ट्रीम नावाचा अभ्यास झाला, निकाल २०२० मध्ये छापून आला. एका गटाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला त्यासोबत युरोडायनॅमिक. १८ महिन्यांनी दोन्ही गटांची लक्षणं जवळजवळ सारखी. ऑपरेशनही चाचणी झालेल्यांत ३८ टक्के, न झालेल्यांत ३६ टक्के. माझा शेजारी याच वाटेचा: युरोफ्लो, सोनोग्राफी, दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि आता गड्याची धार बघून मला हेवा वाटतो. त्याला ही नळ्यांची शिक्षा दिली नाही ते उत्तमच केलं. पण मग चाचणी उरते कोणासाठी? युरोपच्या मार्गदर्शक सूचना बघा: आधीचं ऑपरेशन फसलेला, पन्नाशीच्या आतला, ऐंशीच्या पुढचा, ३०० मिलिलिटरहून जास्त शिल्लक राहणारा, दीडशे मिलिलिटरही नीट न होणारा. आपल्याकडे त्यात जुन्या मधुमेहाचा माणूस घाला. म्हणजे नेमके ते, ज्यांचा आकडा ४० च्या आसपास घुटमळू शकतो आणि ज्यांचं चुकलं तर महागात पडतं. सोप्या माणसांची चाचणी टळली, हे चांगलंच, पण उरलेल्या अवघड माणसांच्या रेषा आता अधिक निगुतीने वाचायला हव्यात.

तेव्हा मागणं असं आहे. रिपोर्टासोबत पूर्ण ग्राफ द्या, चारही रेषा, मापाच्या पट्टीसकट. हा उपकार नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असं लिहिलेलं आहे, आणि ग्राफ ही नोंद नाही तर काय आहे? रिपोर्टात एक ओळ वाढवा: शेवटचा खोकला दोन्ही रेषांवर उमटला की नाही. त्याच ओळीत सर्वोच्च वेग यंत्राने निवडला की माणसाने, हेही येऊ द्या. बीओओआय ४० च्या पाच-सात अलीकडे-पलीकडे असेल तर एका लघवीवर थांबू नका, दुसरी करून घ्या. आणि कोणाला टेबलावर घ्यायचं ठरत असेल, तर तो ग्राफ दुसऱ्या डॉक्टरने पहिल्याचा निष्कर्ष न बघता वाचावा.

टेक्निशियनबद्दलही दोन शब्द. पहिल्या ठिकाणच्या मुलावर मी रागावलेलो नाही. बाहेर बाकावर अजून सात जण बसले होते. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी माझ्यासाठी दीड तास दिला, तो त्यांना कोणीतरी देऊ केला म्हणून. चाचणीच्या दरात हा वेळ धरलेला नसेल तर कितीही नियम छापा, 'होतं तसं' हेच उत्तर मिळणार.

सोसायटीला वेगळी विनंती. तुमच्या अधिवेशनांत नव्या लेसरवर इतकी सत्रं होतात. एका वर्षी पन्नास ग्राफ घ्या, नावं खोडा, यंत्राचे आकडे झाका, सभासदांना वाचायला पाठवा. सहा महिन्यांनी तेच ग्राफ क्रम बदलून पुन्हा पाठवा. डॉक्टर एकमेकांशी किती जुळतात ते कळेल, स्वतःशी किती जुळतात तेही कळेल. जो आकडा येईल तो छापा, लाजिरवाणा असला तरी. आमच्याकडे हंगामापूर्वी प्रत्येक गेजचं कॅलिब्रेशन व्हायचं, आणि सर्टिफिकेटवर 'किती चुकतो' हेच लिहिलेलं असायचं. चुकत नाही असं लिहिलेलं सर्टिफिकेट आम्ही परत पाठवायचो.

माझे तिन्ही ग्राफ या कामासाठी द्यायला मी तयार आहे, मूळ पानं, पहिला दोन पानी धरून. पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या मी पाठवण्याआधी खोडरबराने पुसून घेतो, नाहीतर वाचणारे पुन्हा माझंच वाचतील.

कळावे,
आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट फोरमन
कोल्हापूर जिल्हा